झीज

टेपचं एक टोक लोटन अहिरेच्या मुठीत,
दुसरं माझ्या,
आणि मधे मावेल तेवढा लळिंग.
तो आकडा ओरडतो, मी लिहिते.
दरवाजा: रुंदी दोन मीटर साठ.
कमान: अर्धी.
उरलेली अर्धी खाली घायपातात पडलीय,
तिची मापं घ्यायची की नाही, ते कुणी सांगितलेलं नाही.

फाल्गुन संपत आलाय. कुरणातलं गवत उंटाच्या पाठीच्या रंगाचं.
खाली आग्रा रोडवर टोलनाक्याला ट्रक थांबतात,
त्यांचे ब्रेक इथवर ऐकू येतात.

साहेबांनी धुळ्याहून यादी दिलीय:
तट, बुरूज, दरवाजे, टाकी.
मी यादीप्रमाणे चालते.
लोटन यादीप्रमाणे चालत नाही.

तो बुरुजामागच्या कोनाड्यापाशी थांबतो.
"आठे दिवा लावेत, ताई."
दगडावर काळं आहे. बोट फिरवलं, बोटाला काही आलं नाही,
तरी मी ते ओढणीला पुसलं.

तटातून बाहेर झुकलेली एक मोरी:
दोन दगडी पावलं, मधे भोक, भोकात थेट दरी.
वारा खालून वर येतो.
"सकायले किल्लेदार बी आठेच ये," लोटन म्हणतो,
"हुकूम सोडीसन थोडंच भागतं?"
मी हसू दाबत लिहिते: शौचकूप, एक.

मग छप्पर गेलेली एक खोली, भिंती कंबरेएवढ्या.
जमिनीतच कोरलेला गोल खळगा.
"उखय."
व्यास घ्यायला मी खाली बसले
आणि माझे गुडघे आपसूक गेले
दोन उथळ जागांमध्ये,
आधीच तयार असलेल्या.
टेप हातात तसाच राहिला.
किती बाजरी, किती पहाटा,
बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पुन्हा मुसळ?
लोटन दुसरीकडे बघत उभा होता,
बाई एकटी बसलेली असावी तसा.

दुपारी पहारेकऱ्यांच्या ओट्यावर जेवलो.
कळण्याची भाकरी, ठेचा, त्याच्या घरची.
ओट्यावर रेघा कोरलेल्या: वाघबकरीचा पट.
बोरांच्या बिया बकऱ्या, दोन खडे वाघ.
तोफेशेजारी बसून माणसं हेच खेळत होती तर,
शत्रू दिसेपर्यंत.
माझ्या नऊ बकऱ्या त्याने खाल्ल्या.
हे नोंदवहीत नाही.

शेवटी टाकं. पाणी हिरवं, तळ दिसत नाही.
काठावर दोरांच्या खाचा, मी मोजल्या: अकरा.
दहा एकमेकींना खेटून,
सगळ्यांत खोल जी, तिच्यात माझी चार बोटं गेली.
अकरावी लांब, कोपऱ्यात,
जिथे काठ उतरता आहे आणि पाय घसरतो.
"ही एकटी का?"
लोटन टेप गुंडाळायला लागला.
गुंडाळता गुंडाळता थांबला,
परत उलगडून टोक माझ्या हातात दिलं.
"मोजा. ते अंतर बी लिखा."
एक मीटर दहा.
त्याने तो आकडा ओरडून सांगितला नाही.

संध्याकाळी साहेबांचा फोन.
झीज दाखवू नका मॅडम, नकाशा गिचमिड होतो.
काठ सरळ रेघेत घ्या.
मी हो म्हटलं. नोकरी कंत्राटी आहे.

रात्री खोलीवर, पंखा बंद करून (कागद उडतो),
मी काठ सरळ रेघेत घेतला.
दहा खाचा सोडून दिल्या.
गुडघ्यांच्या जागा सोडून दिल्या, दिव्याचं काळंही.
शंभरास एक या प्रमाणात
एक मीटर दहा म्हणजे कागदावर अकरा मिलिमीटर.
पेन्सिलीला टोक केलं.
मावतं.